हिवाळ्याचे ‘ओल्ड इंग्लिश’ शब्द: यांतले खरोखर जुने कोणते?

शब्दपेटी (प्रश्न)

आमच्या वाचनालयाच्या डिसेंबरच्या भित्तिपत्रकात हिवाळ्याच्या जुन्या इंग्रजी शब्दांवर एक पान करायचं आहे. समाजमाध्यमांवर फिरणारी एक यादी हाताशी आहे. तीत ॲप्रिसिटी, फ्रोर, राइम, होरफ्रॉस्ट, स्नोब्रॉथ, हायेमल, यूल, वुल्फ मंथ, ॲमिल आणि ‘विंटरकिअरिग’ असे शब्द आहेत. सगळ्यांवर ‘ओल्ड इंग्लिश’ असा एकच शिक्का मारलेला आहे, आणि अर्थ एकेका ओळीत उरकले आहेत.

विचारायचं ते असं:
१. हे सगळे खरंच एका काळातले आहेत का?
२. राइम आणि होरफ्रॉस्ट दोन्हींचा अर्थ यादीत ‘गोठलेलं दव’ असाच दिला आहे. मग दोन शब्द कशाला?
३. असे शब्द पैसे न भरता तपासायचे कुठे आणि कसे?
४. उच्चार देवनागरीत कसे लिहावेत?

---

पोथीवाला

‘ओल्ड इंग्लिश’ याचा अर्थ ‘जुनी इंग्रजी’ असा ढोबळ घेतला की सगळा घोळ होतो. ते एका विशिष्ट काळातल्या भाषेचं नाव आहे. साधारण पाचव्या शतकापासून ११०० च्या आसपासपर्यंत अँग्लो-सॅक्सन लोक जी भाषा बोलत ती ओल्ड इंग्लिश. तिथून साधारण १५०० पर्यंत मिडल इंग्लिश. शेक्सपिअर त्याच्याही नंतरचा, म्हणजे अर्वाचीन इंग्रजीतला. या हिशेबानं तुमच्या यादीचे निदान तीन गठ्ठे होतात, आणि पानावर ते वेगळेच छापायला हवेत.

पहिला गठ्ठा अस्सल अँग्लो-सॅक्सन: राइम, यूल (ऐन हिवाळ्यातला सण, पुढे नाताळ), विंटरचॅआरी (तुमच्या यादीतला ‘किअरिग’ हा उच्चार चुकीचा आहे, त्यावर खाली लिहितो) आणि फ्रोरचं मूळ रूप.

दुसरा गठ्ठा सोळाव्या-सतराव्या शतकांतल्या विद्वानांनी लॅटिनवरून घडवलेल्या शब्दांचा. ॲप्रिसिटी आणि हायेमल (हिवाळ्याचा, हिवाळी) यांतले. ॲप्रिसिटीबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण आंतरजालावर सर्वांत लाडका शब्द हाच आहे. हेन्री कॉकरम यानं १६२३ साली ‘अवघड इंग्रजी शब्दांचा’ कोश छापला, त्यात ‘हिवाळ्यातल्या उन्हाची ऊब’ असा अर्थ देऊन हा शब्द आला. लॅटिनमध्ये ‘आप्रिकुस’ म्हणजे उन्हातला, ऊन लागणारा. त्यात हिवाळ्याचा काही संबंध नाही, तो अर्थ कॉकरमनं जोडला. याच कोशाच्या दुसऱ्या भागात साधे शब्द देऊन त्यांच्यासमोर भारदस्त पर्याय मांडले आहेत, यावरून पुस्तकाचा हेतू कळतो. असले शब्द कोशातून कोशात उतरत गेले, लोकांच्या बोलण्यात आलेच नाहीत. शब्द गोड आहे, जरूर छापा, पण ‘पूर्वी इंग्रज याला ॲप्रिसिटी म्हणत’ असं वाक्य लिहू नका. कुणी म्हणत नव्हतं. आणि ॲप्रिकॉट, म्हणजे जर्दाळू, याचं या शब्दाशी नातं जोडण्याचा मोह टाळा. ते फळाचं नाव लॅटिन ‘प्रेकॉक्स’, म्हणजे लवकर पिकणारं, यावरून ग्रीक, अरबी आणि पुढे स्पॅनिश-पोर्तुगीज असा फेरा मारून आलं आहे.

तिसरा गठ्ठा बोलीभाषांचा. ॲमिल हा डेव्हन परगण्यातला. त्यावर इथले दुसरे कुणी अधिक नेमकं सांगतील.

स्नोब्रॉथ या तिन्हींच्या मधे बसतो. दोन साधे शब्द जोडून झालेला, अर्थ वितळलेल्या बर्फाचं पाणी. शेक्सपिअरच्या ‘मेझर फॉर मेझर’ या नाटकात लुसिओ हे पात्र अँजेलोबद्दल म्हणतं की त्याचं रक्त म्हणजे निव्वळ स्नोब्रॉथ. माणूस इतका थंड की अंगात वितळतं बर्फ वाहतं. हे नाटक छापून आलं तेही १६२३ सालीच.

आता फ्रोर, म्हणजे गोठलेला, गारठलेला. हा माझ्या मते यादीतला सर्वांत मोलाचा शब्द आहे, कारण त्यात व्याकरणाचा एक अख्खा नियम टिकून राहिला आहे. गोठणे हे क्रियापद ओल्ड इंग्लिशमध्ये ‘फ्रेओसान’. त्याचं भूतकालवाचक धातुसाधित ‘फ्रोरेन’. मूळ ‘स’चा ‘र’ झाला, तो जर्मानिक (इंग्रजी, जर्मन यांच्या कुळातल्या) भाषांतले व्यंजनबदल सांगणाऱ्या व्हर्नरच्या नियमानुसार. ‘वॉज’ आणि ‘वेअर’ या जोडीत जो फरक आहे तो याच नियमानं. पुढे लोकांनी ‘फ्रीझ’च्या नमुन्यावर ‘फ्रोझन’ करून टाकलं आणि फ्रोर कवितेपुरता उरला. मिल्टननं १६६७ च्या ‘पॅराडाइज लॉस्ट’च्या दुसऱ्या सर्गात तो वापरला आहे: तिथली रखरखीत हवा ‘फ्रोर’ जाळते आणि थंडी आगीचं काम करते. ‘लूझ’ या क्रियापदाचंही असंच झालं. त्याचं जुनं रूप ‘लोरेन’ आज ‘फॉरलॉर्न’मध्ये दिसतं.

---

हिमाः_शतम्

पोथीवाला यांच्या गठ्ठ्यांना अनुमोदन. पहिल्या गठ्ठ्यात एक शब्द राहिला आहे, आणि तो सगळ्यांत महत्त्वाचा: खुद्द ‘विंटर’.

ओल्ड इंग्लिशमध्ये विंटर म्हणजे हिवाळा, आणि विंटर म्हणजे वर्षही. ‘बेओवुल्फ’ या ओल्ड इंग्लिश महाकाव्यात नायक बेओवुल्फ राजानं ‘फिफ्तिग विंत्रा’ राज्य केलं, म्हणजे पन्नास वर्षं. त्यातल्या ग्रेंडेल या राक्षसानं मांडलेला छळ बारा ‘विंत्रा’ चालला, म्हणजे बारा वर्षं. भाषांतरात ‘पन्नास हिवाळे’ लिहिलं तर ऐकायला छान वाटतं, पण मूळ मजकुरात ती अलंकारिक भाषा नाही, वर्षं मोजण्याची नेहमीची रीत आहे. आपण ‘तुझ्यापेक्षा चार पावसाळे जास्त पाहिलेत’ म्हणतो त्याच जातीची. ऋग्वेदात ‘शतं हिमाः’, म्हणजे शंभर हिवाळे जगू दे, अशी प्रार्थना येते, आणि पुढे तिच्या जागी ‘शरदः शतम्’ रूढ झालं. जो ऋतू अंगावर येतो, ज्यातून निभावून जावं लागतं, तो मोजला जातो.

जनावरांचं वय तर उत्तर इंग्लंडच्या बोलीत अगदी अलीकडेपर्यंत असंच सांगत. ‘ट्विंटर’ म्हणजे दोन हिवाळे पाहिलेलं वासरू किंवा मेंढरू, ‘थ्रिंटर’ म्हणजे तीन. यांची मुळं ओल्ड इंग्लिशमधल्या ‘त्विविंत्रे’ आणि ‘थ्रिविंत्रे’ या विशेषणांत आहेत. हे दोन पानावर घ्याच. ॲप्रिसिटीपेक्षा यांचा हक्क कितीतरी मोठा आहे, कारण हे शब्द मेंढपाळांनी वापरलेले आहेत.

यामुळे ‘विंटरचॅआरी’चा अर्थही दुहेरी होतो. ‘द वाँडरर’ नावानं ओळखल्या जाणाऱ्या कवितेत हा शब्द आहे. ती दहाव्या शतकातल्या एक्झेटर हस्तलिखितात सापडते. धनी मेलेला, थारा सुटलेला एक माणूस समुद्र ओलांडतो आहे, आणि तो विंटरचॅआरी आहे. शब्दाचा दुसरा भाग काळजी, दुःख या अर्थाचा. मग हिवाळ्यानं खिन्न, की वर्षांच्या ओझ्यानं खिन्न? दोन्ही अर्थ लागतात आणि अभ्यासक दोन्ही देतात. यादीवाले ‘हिवाळ्यात येणारी उदासी’ एवढंच लिहून मोकळे होतात, तसं करू नका. त्याच कवितेत समुद्राला ‘ह्रीम्‌चॅआल्द’ म्हटलं आहे, म्हणजे ह्रीमासारखा थंड. ह्रीम म्हणजेच आजचा राइम.

‘मिडविंटर’ही तपासून घ्या. आज तो २१-२२ डिसेंबरच्या लहानात लहान दिवसासाठी वापरतात. अँग्लो-सॅक्सन बखरींत मिडविंटर म्हणजे नाताळ. इंग्लंड जिंकणाऱ्या नॉर्मन विल्यमचा राज्याभिषेक १०६६ साली मिडविंटरच्या दिवशी झाला, तो दिवस २५ डिसेंबर. आणि ८७८ च्या नोंदीत डेन लोकांचं सैन्य ‘मिडविंटरला, बाराव्या रात्रीनंतर’ चिपनम या गावावर चोरपावलांनी आलं असं लिहिलं आहे, म्हणजे जानेवारीचा पहिला आठवडा उलटल्यावर. याच बखरीत ‘विंटरसेत्ल’ हा शब्द पुन्हापुन्हा येतो: सैन्यानं हिवाळ्यापुरता टाकलेला तळ. डेन लोकांशी लढणाऱ्या आल्फ्रेड राजाच्या काळात या शब्दाची दहशत असणार, कारण तळ पडला की आसपासच्या गावांतलं धान्य गेलंच.

---

शब्दपेटी

दोघांचेही मनापासून आभार. यूल आणि वुल्फ मंथबद्दल थोडं सांगाल का? यादीत वुल्फ मंथ हे ‘जानेवारीचं अँग्लो-सॅक्सन नाव’ असं दिलं आहे. आणि राइम-होरफ्रॉस्टचा प्रश्न अजून तसाच आहे.

---

हिमाः_शतम्

महिन्यांच्या बाबतीत साक्षीदार एकच भरवशाचा, बीड हा अँग्लो-सॅक्सन मठवासी. त्यानं ७२५ साली कालगणनेवर लॅटिनमध्ये ग्रंथ लिहिला, त्याच्या पंधराव्या प्रकरणात आपल्या लोकांचे जुने महिने दिले आहेत. त्यात डिसेंबर आणि जानेवारी दोघांचंही नाव एकच: ‘गिउली’, म्हणजे यूल. नंतरच्या इंग्रजी लेखनात ‘आधीचा यूल’ आणि ‘नंतरचा यूल’ असा भेद करतात. आपल्याकडे अधिक आणि निज महिना असतो तशी ही जोडी दिसते, पण हे दोन महिने दर वर्षी येणारे होते, ही गफलत होऊ देऊ नका.

ऑक्टोबर म्हणजे ‘विंटरफिल्लेथ’. विंटर आणि पौर्णिमा असा जोडशब्द. वर्षाचे दोनच भाग होते, उन्हाळा आणि हिवाळा, सहा-सहा महिन्यांचे, आणि या महिन्याच्या पौर्णिमेपासून हिवाळा धरत. नोव्हेंबर ‘ब्लोतमोनाथ’, बळींचा महिना. जी जनावरं कापायची ती आधी देवांना वाहत, असं बीड सांगतो.

वुल्फ मंथ, म्हणजे लांडग्यांचा महिना, बीडच्या ग्रंथात नाही. तो १६०५ साली रिचर्ड व्हर्स्टेगननं लिहिलेल्या पुस्तकात येतो, म्हणजे अँग्लो-सॅक्सन काळ संपून पाचशे वर्षं झाल्यावर. जानेवारीच्या पौर्णिमेला ‘वुल्फ मून’ म्हणण्याची प्रथा तर अमेरिकी पंचांगांनी पसरवली. हा शब्द यादीतून काढा, किंवा ‘१६०५ पासून’ अशी तारीख घालून ठेवा.

---

दवमापक

राइम आणि होरफ्रॉस्ट: आज हवामानशास्त्रात हे दोन वेगळे पदार्थ आहेत, आणि शेजारी-शेजारी ठेवले तर डोळ्यांनी ओळखता येतात.

होरफ्रॉस्ट निरभ्र, वारा नसलेल्या रात्री होतो. गवत, काटक्या, कुंपणाची तार आपली उष्णता आकाशाकडे टाकून हवेपेक्षा जास्त थंड होतात. त्यांचं तापमान शून्य अंश सेल्सिअसच्या खाली गेलं की हवेतली वाफ पाणी न होता थेट बर्फाचे स्फटिक होऊन त्यांवर बसते. स्फटिक पिसांसारखे, सुयांसारखे, नाजूक असतात. फुंकर मारली तरी गळतात.

राइमला धुकं किंवा ढग लागतो. धुक्यातले थेंब शून्याखाली जाऊनही द्रवच राहिलेले असतात. ते वाऱ्याबरोबर येऊन फांदीवर, खांबावर आदळतात आणि आदळताक्षणी गोठतात. मधे हवा अडकते म्हणून रंग दुधाळ पांढरा. ओळखण्याची खूण अशी: राइम वाऱ्याच्या दिशेनं, म्हणजे वारा जिकडून येतो तिकडे वाढतो. खांबाच्या एकाच बाजूला पांढरी झालर दिसली तर तो राइम.

तुमचा ॲमिल तिसराच. डेव्हनमधल्या डार्टमूरच्या पठारावर बर्फ थोडं वितळतं आणि पाणी पानांवर, गवताच्या पात्यांवर पसरतं. मग पुन्हा थंडी पडते आणि ते पाणी जसंच्या तसं गोठतं. हवा अडकायला वावच नसतो, म्हणून कवच पारदर्शक, काचेसारखं. हा शब्द मीनाकाम या अर्थाच्या जुन्या ‘अमेल’वरून आला असावा असं मानतात, आणि उन्हात ते झुडूप बघितलं की नाव पटतं.

महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी दवबिंदू गोठल्याच्या बातम्या थंडीत येतात. त्यात बहुतेकदा आधी दव पडतं आणि मग ते थेंब गोठतात. मणी गोल आणि काचेसारखे दिसले तर ते गोठलेलं दव, सुया दिसल्या तर होरफ्रॉस्ट. भित्तिपत्रकात फोटो टाकणार असाल तर हे बघून टाका.

जुन्या मजकुरांना मात्र हा भेद लावू नका. अँग्लो-सॅक्सन कवीचा ह्रीम म्हणजे गोठलेला कोणताही पांढरा थर. शास्त्रीय वाटणी फार नंतरची. ‘होर’चा मूळ अर्थही रंगाचाच: पिकलेल्या केसांसारखा करडा-पांढरा, म्हणून वृद्ध, पूज्य.

आणखी एक अडचण. कोलरिज या इंग्रज कवीच्या म्हाताऱ्या खलाशावरच्या कवितेच्या शीर्षकातला ‘राइम’ बर्फाचा नव्हे. तिथे ते यमक, पद्य या अर्थाच्या शब्दाचं जुनं स्पेलिंग आहे. कवितेत बर्फाचे डोंगर येतात, त्यामुळे गल्लत सहज होते.

---

डेल्सकर

बोलीभाषांचा गठ्ठा मी घेतो. ‘जुने’ म्हणून मिरवणाऱ्या कोशशब्दांपेक्षा इथे जास्त माल आहे.

‘स्टार्व्ह’पासून सुरुवात करा. सगळ्यांना ‘उपाशी मरणे’ एवढंच माहीत असतं. ओल्ड इंग्लिश ‘स्तेओर्फान’ म्हणजे नुसतं मरणे, कशानंही. जर्मनमधलं ‘श्टेर्बन’ अजून तेच आहे. पुढे इंग्लंडच्या दक्षिणेत अर्थ भुकेकडे आकसला, उत्तरेत थंडीकडे. यॉर्कशर-लँकशरमध्ये म्हातारी माणसं ‘आय ॲम स्टार्व्ह्ड’ म्हणाली तर ती काकडली आहेत, त्यांना जेवण नव्हे, शाल द्या. तिकडे राहणाऱ्या मराठी डॉक्टरांना आणि परिचारिकांना ही माहिती कामाची आहे. ‘निदर्ड’ हाही तिकडचाच, थंडीनं कुडकुडणारा.

‘क्लम्झी’ही हिवाळ्याचाच शब्द. मिडल इंग्लिशमध्ये ‘क्लम्सेन’ म्हणजे थंडीनं बधिर होणे. चौदाव्या शतकातल्या ‘पिअर्स प्लाउमन’ या काव्यात तो थंडीच्याच संदर्भात येतो. बोटं बधिरली की हातातून वस्तू पडतात, त्यातून ‘धांदरट’ हा आजचा अर्थ निघाला.

छपराला लोंबणाऱ्या बर्फाच्या सुळक्याला गावोगाव वेगळं नाव आहे: केंटमध्ये ॲक्वाबॉब, नैर्ऋत्य इंग्लंडमध्ये क्लिंकरबेल, डरमला टँकल, यॉर्कशरला इकल. हा इकल म्हणजे ओल्ड इंग्लिश ‘यिचेल’, त्याचाच अर्थ मुळात बर्फाचा सुळका. ‘आइसिकल’मध्ये त्याच्या आधी ‘आइस’ पुन्हा जोडलं आहे. बेओवुल्फची तलवार राक्षसाच्या रक्तानं वितळते तेव्हा कवीनं ‘हिल्देयिचेल’, म्हणजे रणातले सुळके, असा शब्द घडवला आहे. आणि आइसलँडमधल्या २०१० च्या ज्या ज्वालामुखीनं युरोपातली विमानं जमिनीवर बसवली, त्याच्या नावाच्या शेवटी येणारा ‘योकुल’, म्हणजे हिमनदी, हा या शब्दाचा भाऊ.

‘स्नोबोन्स’ म्हणजे बर्फ वितळताना नांगराच्या तासांत, चाकोऱ्यांत उरणाऱ्या पांढऱ्या रेघा. ‘ब्लॅकथॉर्न विंटर’ म्हणजे मार्च-एप्रिलमध्ये ब्लॅकथॉर्नची झुडपं पांढरी फुलतात त्याच सुमारास परतणारी थंडी.

स्कॉट्स, म्हणजे स्कॉटलंडमधली भाषा, वेगळी ठेवा. ती इंग्रजीची सख्खी बहीण, पण स्वतंत्र भाषा. ग्लासगो विद्यापीठाच्या स्कॉट्स शब्दसंग्रहात २०१५ साली बर्फासंबंधीचे ४२१ शब्द निघाले. ‘फीफल’ म्हणजे कोपऱ्यावरून वळताना गरगरणारा बर्फ, ‘फ्लिंड्रिकिन’ म्हणजे हलकी भुरभुर, ‘अनब्राक’ म्हणजे वितळण्याची सुरुवात. आकडा छापताना एवढं लक्षात घ्या की त्यात जोडशब्द आणि बर्फातल्या खेळांचे, हालचालींचे शब्दही धरले आहेत.

---

पोथीवाला

आता तपासणी आणि उच्चार.

शब्द घेतला की आधी त्याची सर्वांत जुनी नोंद कोणत्या सालची ते बघा. ‘एटिमऑनलाइन’ हे संकेतस्थळ विनामूल्य आहे, पहिल्या चाळणीला पुरतं. साल ११०० च्या आधीचं दिसलं तर बॉसवर्थ-टॉलर हा ओल्ड इंग्लिशचा कोश उघडा, पूर्ण विनामूल्य आहे. ११०० ते १५०० साठी मिशिगन विद्यापीठाचा मिडल इंग्लिश कोश. बोलीसाठी जोसेफ राइट यांचा सहा खंडांचा कोश, १८९८ ते १९०५ मधला. इन्सब्रुक विद्यापीठानं तो आंतरजालावर आणला आहे, आणि त्यात प्रत्येक शब्दापुढे परगणा दिलेला असतो, म्हणून ‘जुनी इंग्रजी’ ऐवजी ‘डेव्हनची बोली’ असं नेमकं लिहिता येतं. स्कॉट्सचा कोशही विनामूल्य आहे.

मग उदाहरणं बघा. उदाहरणांत फक्त दुसरे कोशच असतील आणि एकही पत्र, कविता, नाटक, हिशेबवही नसेल, तर तो शब्द कागदावरच जगलेला आहे.

शोधताना हमखास अडतं ते इथे. राइम ‘आर’खाली सापडणार नाही, ‘एच’खाली बघा. ‘ह्र’, ‘ह्ल’, ‘ह्न’ अशा सुरुवातींतला ‘ह’ पुढे गळाला, जसं ‘ह्लाफ’चा ‘लोफ’ झाला. फ्रॉस्ट ‘फोर्स्त’ या रूपातही येतो, आपल्याकडे नुकसानचं नुसकान होतं तसा. क्रियापद सापडलं नाही तर सुरुवातीचा ‘ये’ हा उपसर्ग, लिहिताना ‘जी-ई’, काढून किंवा लावून पुन्हा शोधा.

उच्चारांसाठी देवनागरी सोयीची आहे, ‘ह्र’ तर आपल्याकडे आयताच आहे. ‘जी’ हे अक्षर इ-ए या स्वरांआधी बहुतेकदा ‘य’ होतं, म्हणून यूलचं जुनं रूप ‘येओल’. ‘सी’ अशाच जागी ‘च’ होतो, आणि शेवटचा ‘इग’ हा ‘ई’सारखा ऐकू येतो. म्हणून विंटरचॅआरी. ‘एस-सी’ म्हणजे बहुधा ‘श’. दीर्घ स्वर आजचे संपादक वर आडवी रेघ देऊन दाखवतात. हस्तलिखितांत अशी रेघ शोधू नका, पण देवनागरीत ह्रीमची ‘री’ दीर्घच लिहा.